दहावीनंतर पुढे काय? आमच्या अभ्यासिकेतील मुले आज कोठे आहेत

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या प्रत्येक वस्तीत एक ठरलेला कार्यक्रम होतो. विहारासमोर मंडप, फलकावर गुणवंतांची नावे, पाहुण्यांचे भाषण, गुलाबपुष्प, वही-पेन आणि शेवटी सामुदायिक फोटो. असे पंधरा-सोळा कार्यक्रम मी स्वतः माईक हातात घेऊन पार पाडले आहेत. त्यात वाईट काहीच नाही. ज्या घरात कालपर्यंत कौतुकाचे शब्द आले नव्हते, तेथे ते यायलाच हवेत. परंतु दर वर्षी एक गोष्ट मनाला टोचत असे. मुलगा स्टेजवरून खाली उतरला की त्याची आई मला बाजूला घेऊन विचारायची, "भाऊ, आता याला कुठं घालायचं?" आणि मी दोन मिनिटांत काहीतरी सांगून खुर्च्या उचलायच्या कामाला लागायचो.

यंदा आम्ही पाहुणा बोलावला नाही. विहाराच्या माडीवर 2006 पासून जी अभ्यासिका चालते, तिच्या माजी विद्यार्थ्यांना निरोप धाडले. "बाबांनो, रविवारी या. भाषण करू नका. तुम्ही काय शिकलात, काय करता, कोठे चुकलात, एवढेच या मुलांना सांगा." चाळीस-पंचेचाळीस जण आले. त्यांची हकिकत आपल्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे. नावे मुद्दाम देत नाही. तशी त्यांचीच विनंती आहे.

नापास झालेला मुलगा रेल्वेत

पहिल्यांदा उभा राहिला तो आमचा वायरमन. दहावीला गणितात गेला होता. त्या वेळी घरात दोन दिवस चूल पेटली नाही, असे त्याची आई आजही सांगते. त्याने पुरवणी परीक्षा देऊन गणित सोडवले आणि आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पुढे रेल्वेच्या कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून एक वर्ष काढले. रेल्वेच्या चतुर्थ श्रेणीच्या म्हणजे आता ज्याला लेव्हल-1 म्हणतात त्या भरतीत, रेल्वेतच ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी 20 टक्के जागा असतात. त्या वाटेने तो आत गेला. आज त्याचे स्वतःचे घर आहे. तो मुलांना एवढेच म्हणाला, "मी नापास झालो ते एका विषयात. घरातल्यांनी मला सगळ्याच विषयांत नापास केलं असतं, तर मी आज इथं नसतो."

पालकांनो, हे वाक्य नीट ध्यानात घ्या. बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. म्हणजे चाळीस टक्केसुद्धा नाहीत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, माणसांच्या गर्दीत, रात्री जागून केलेला तो अभ्यास. तरीही समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला आणि केळुसकर गुरुजींनी त्यांच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. त्या दिवशी कोणी टक्केवारी काढत बसले नव्हते. आपणही मुलाची गुणपत्रिका हातात घेताना हे विसरू नये.

परिचारिका, वकील आणि रिक्षावाला

दुसरी आली ती चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी. बारावीनंतर तिने जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स केला. आता महापालिकेच्या रुग्णालयात आहे. बारावी झाली तेव्हा घरात स्थळ आले होते. आई म्हणाली, "मुलगी शिकंल, मग बघू." त्या एका वाक्यावर ते घर उभे राहिले. करोनाच्या काळात 2020 साली ही मुलगी पीपीई किट घालून बारा-बारा तास उभी होती. धाकट्या भावाचे शिक्षणही तिनेच केले.

एक जण बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करून दंडाधिकारी न्यायालयात वकिली करतो. एक जण बँकेत क्लार्क आहे. पदवीनंतर तीन वेळा परीक्षा दिली, चौथ्या वेळी लागला. एक मुलगी सीए होण्याच्या वाटेवर आहे. एक जण पोलीस शिपाई आहे. आणि एक जण रिक्षा चालवतो. तोही आला होता. आधी माडीचा जिना चढेना. मी खाली जाऊन त्याला वर आणले. त्याने सांगितले, "माझी दोन्ही पोरं शाळेत आहेत आणि रिक्षाचं कर्ज फिटलंय." टाळ्या सर्वांत जास्त त्यालाच पडल्या आणि ते योग्यच झाले. कष्टाची भाकरी खाणारा माणूस कोणापेक्षा कमी नाही, हे मुलांना कळले पाहिजे.

ज्याची जागा गेली

सर्वांत शेवटी जो बोलला, त्याच्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आमच्या अभ्यासिकेत इतका हुशार मुलगा दुसरा झाला नाही, असे मी आजही म्हणतो. 2019 साली बारावी सायन्स झाला, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळवले, राखीव जागेतून चांगल्या कॉलेजात नंबर लागला. जातीचा दाखला होता. जात पडताळणीचे प्रमाणपत्र मात्र नव्हते. अर्जाची पावती दाखवून प्रवेश मिळाला आणि मूळ प्रमाणपत्र आणून देण्याची मुदत ठरली. पडताळणीला लागणारे आजोबांच्या काळचे कागद गावी होते. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. वडील तीन वेळा गावी खेपा घालून आले, तीन दिवसांची मजुरी बुडाली, पण नेमका कोणता कागद मागायचा हेच त्यांना कोणी सांगितले नाही. मुदत संपली. जागा खुल्या गटात गणली गेली. खुल्या गटाची फी त्या घराला सात जन्मांत परवडणारी नव्हती. मुलाने प्रवेश सोडला. त्या वर्षी तो अभ्यासिकेत यायचा बंद झाला आणि आम्ही कार्यकर्ते म्हणवणारे लोक त्याच्या घरी विचारायलाही गेलो नाही. ही आमची चूक. ती मी येथे लिहून ठेवतो.

आज तो पंचविशीत आहे. मोटारसायकलवरून घरोघर पार्सले पोहोचवतो. त्या रविवारी तो पाठीवरची पिशवी न काढताच मागे उभा होता. बोलायला सांगितले तेव्हा म्हणाला, "मला काही सांगायचं नाही. फक्त कागद आधी करा. अभ्यास तुम्ही कराल, मला माहीत आहे. कागद आधी करा."

माडीवर कोणी काही बोलले नाही.

माझाही असाच एक चुकलेला दिवस आहे. 1996 साली मी दहावी झालो, 58 टक्के. मला आयटीआयला जायचे होते. फॉर्म भरायची तारीख पेपरात आली होती म्हणे. आमच्या घरी पेपर येत नव्हता. तारीख गेल्यावर कळले. मग कॉमर्सला गेलो, दिवसा दुकानात हिशेब लिहिले, रात्री अभ्यास करून बीकॉम झालो आणि परीक्षा देऊन कारकून झालो. माझे वाईट झाले नाही. पण ज्या मुलाला माहिती वेळेवर मिळत नाही, त्याचे आयुष्य दुसरेच कोणीतरी ठरवते, हे मी तेव्हा शिकलो. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, तरी तारीख चुकतेच. म्हणून पुढील माहिती कात्रण करून घरात लावून ठेवावी.

कागद आधी करा

पहिला कागद जातीचा दाखला. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त "बौद्ध" असे लिहिलेले असते. तो आपला अभिमान आहे. महाराष्ट्रात नवबौद्धांना सवलती पूर्वीपासून होत्या. केंद्राच्या सवलती मात्र 1990 साली कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मिळाल्या. म्हणून रेल्वे, बँक, टपाल, केंद्र सरकारच्या संस्था यांच्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढावा लागतो. त्यावर बौद्ध धर्म आणि मूळ अनुसूचित जात, दोन्हींची नोंद असते. राज्याचा एक व केंद्राचा एक, असे दोन्ही दाखले करून ठेवावेत.

दुसरा कागद जात पडताळणीचे प्रमाणपत्र. मूल अकरावी सायन्सला गेले की त्याच वर्षी, कॉलेजमार्फत अर्ज करावा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा पाहतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर घाबरू नये. गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात त्यांच्या मुलाबाळांची जन्मनोंद जातीसह सापडते. त्याची नक्कल तहसील कार्यालयातून मिळते. जमिनीचा जुना उतारा असेल तर तोही जोडावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वडील, काका, आत्या, चुलतभाऊ अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची पडताळणी झालेली असेल, तर त्या प्रमाणपत्राची प्रत व वंशावळीचे शपथपत्र जोडावे. काम पुष्कळ सोपे होते. म्हणून भावकीतले भांडण पडताळणीपुरते तरी बाजूला ठेवावे!

तिसरी गोष्ट नाव. शाळेचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड यांवर नावाचे व आडनावाचे स्पेलिंग एकच आहे का, ते आजच पाहावे. एका अक्षरासाठी सहा महिने जातात. चौथी गोष्ट उत्पन्नाचा दाखला व अधिवास प्रमाणपत्र. पाचवी गोष्ट मुलाच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते. ते आधारशी जोडलेले असावे. शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते.

पैशाची सोय

"शिकवायचं कशानं?" हा प्रश्न खरा आहे. दहावीनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळात. आज पालकांचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल तर अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना ती मिळते. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. दर वर्षी नव्याने नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षी केला म्हणजे झाले, असे नाही.

बाहेरगावी शिकणाऱ्यांसाठी समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करावा. जेवण, राहणे व इतर खर्चासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळतात. लहान शहरांत रक्कम कमी असते. गुणांची अट 50 टक्के आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 75 जागा. वस्तीतल्या मुलांनी ती आपल्यासाठी नाहीच असे समजू नये. ती आपल्याचसाठी आहे.

दहावीनंतरच्या वाटा

आयटीआय : इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, वेल्डर, संगणक ऑपरेटर हे एक वर्षाचे. काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश आहे. आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिप जरूर करावी. रेल्वे, एसटी, माझगाव डॉक, दारूगोळा कारखाने अशा ठिकाणी ती मिळते. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते.

पॉलिटेक्निक : दहावीच्या गुणांवर तीन वर्षांचा डिप्लोमा. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ज्या घराला मुलगा लवकर हाताशी हवा आहे, पण त्याचे शिक्षणही थांबवायचे नाही, त्या घरासाठी ही वाट फार चांगली.

अकरावी : 2025 पासून संपूर्ण राज्यात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झाला आहे. अर्जात आरक्षणाच्या रकान्यात नीट माहिती भरावी. मित्र सायन्सला गेला म्हणून सायन्स घेऊ नये. कॉमर्स म्हणजे दुय्यम, हाही गैरसमज काढून टाकावा. मी त्याच शाखेचा आहे. बारावीनंतर सीएची फाउंडेशन परीक्षा देता येते आणि 2023 च्या नव्या नियमांनी आर्टिकलशिप तीन वर्षांऐवजी दोन वर्षांची झाली आहे. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या मानाने खर्च कमी, चिकाटी मात्र जास्त लागते.

नोकरी : टपाल खात्यात ग्रामीण डाकसेवक दहावीच्या गुणांवर घेतात, परीक्षा नसते. स्टाफ सिलेक्शन कमिशनची एमटीएस परीक्षा दहावीवर, सीएचएसएल बारावीवर. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना तिची फी नाही. पोलीस भरतीला बारावी लागते. वयोमर्यादा मागासवर्गीयांना 33 वर्षांपर्यंत, उंची मुलांची 165 आणि मुलींची 155 सेंटिमीटर. मैदानी चाचणी 50 गुणांची व लेखी 100 गुणांची असल्याने नुसते पळून भागत नाही, पुस्तकही उघडावे लागते. क्लार्कच्या जागेसाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांच्या वेगाचे टंकलेखन प्रमाणपत्र लागते. सुट्टीत मोबाईल पाहण्यापेक्षा ते करून घ्यावे. बँक, रेल्वे, एलआयसी, पोलीस यांच्या मोफत प्रशिक्षणासाठी पुण्याच्या बार्टी संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

एक इशारा. "साहेब ओळखीचे आहेत, तीन लाख द्या, नोकरी लावतो" असे सांगणारा माणूस दर वर्षी वस्तीत फिरतो. आमच्या गल्लीत एका मावशीने मंगळसूत्र मोडून पैसे दिले. नोकरीही नाही, पैसेही नाहीत. सरकारी नोकरी परीक्षेने आणि गुणानुक्रमाने मिळते. त्या तीन लाखांत दोन मुलांचे शिक्षण होते.

महापालिकेच्या शाळेतून

"आमची पोरं मराठी शाळेतली, पुढं कशी टिकणार?" असे काही आयांनी विचारले. त्यांना मी भूषण गवई यांचे उदाहरण दिले. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला हा मुलगा मे 2025 मध्ये भारताचा सरन्यायाधीश झाला, त्या पदावर बसलेला पहिला बौद्ध. जुलै 2025 मध्ये ते मुंबईत गिरगावच्या आपल्या जुन्या शाळेत माजी विद्यार्थी म्हणून गेले आणि मातृभाषेतील शिक्षणाचे मोल त्यांनी सांगितले. नोव्हेंबर 2025 मध्ये ते निवृत्त झाले. अमरावती जिल्ह्यातल्याच महिमापूरचे सुखदेव थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले आणि 2006 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. ते मिलिंद बाबासाहेबांनी 1950 साली उभे केले. त्याआधी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. शिकणाऱ्याला आपल्या सोयीने बोलावायचे नाही, त्याच्या सोयीने शिकवायचे, ही त्यामागची दृष्टी.

त्याच दृष्टीने आम्ही आता एक नियम केला आहे. सत्काराच्या वही-पेनासोबत प्रत्येक मुलाला एक जाड फाईल द्यायची. वर नाव, आत कागदांची यादी. दर रविवारी सकाळी दहा ते बारा माजी विद्यार्थ्यांपैकी दोघे माडीवर बसतील आणि एकेक फाईल तपासतील. वायरमनने आयटीआयचे काम घेतले, परिचारिका मुलीने नर्सिंगचे, वकिलाने शपथपत्रांचे. तुमच्या वस्तीतही विहार आहे, शिकलेली चार मुले आहेत. यासाठी देणगी लागत नाही, मोठे पाहुणे लागत नाहीत. एक टेबल, दोन खुर्च्या आणि रविवारचे दोन तास लागतात.

पहिल्या रविवारी कोण येते म्हणून मी साडेनऊलाच जाऊन बसलो. पावणेदहाला जिन्यावर पावले वाजली. पार्सलवाला आमचा मुलगा आला, पाठीवर तीच पिशवी. तिच्यातून त्याने प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. गावच्या कोतवाल बुकाची नक्कल, वंशावळ, जुना उतारा. 2019 साली जो कागद तीन खेपांत सापडला नाही, तो त्याने नंतर एकट्याने शोधून आणला होता. त्याची स्वतःची पडताळणी तेव्हा उशिरा का होईना, झाली होती. त्याचे प्रमाणपत्रही त्यात होते.

"धाकटी यंदा दहावी झाली," तो म्हणाला. "सायन्सला जायचं म्हणते. तिची फाईल पहिली लावा."

मी फाईलवर तिचे नाव लिहिले. मग दुसरी कोरी फाईल काढून त्याच्यापुढे ठेवली. पोलीस भरतीला त्याच्याकडे अजून सात-आठ वर्षे आहेत, बँकेच्या परीक्षेला पदवी लागते आणि ती मुक्त विद्यापीठातून नोकरी करतही घेता येते. हे सर्व मी त्याला सांगितले. त्याने फाईल उघडली नाही, पण जाताना पिशवीत टाकून नेली.

पुढच्या रविवारी तो येईल. नाही आला, तर या वेळी आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत.